डबी खिशात असताना

संत तुकाराम नगर, पिंपरी
मंगळवार, दुपार

प्रिय गस्त्या,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव 'रेव्हरंड फादर' लावून नीट लिहिलंय, कारण तुमच्या त्या डोंगरातल्या पोस्टमनला गस्त्या कोण हे कळायचं नाही. आत मात्र तू गस्त्याच. तुझी आई, माझी राहेलमावशी, जाऊन आज नऊ दिवस झाले. मी कंपनीत सुट्टी टाकून घरी बसलोय, तुझी विजयश्रीवहिनी शाळेतल्या कामावरून यायची आहे आणि टेबलावर पाच कागद चुरगळून पडलेत. हा सहावा. हा काही मी फाडणार नाही, जसा उतरेल तसा तुझ्याकडे येईल. डोकं अजून सुन्न आहे. पन्नास वर्षांच्या आयुष्यात मला एवढा हादरा कधी बसला नव्हता, बाप गेला तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान रडू तरी आलं होतं.

दरड कोसळून तुमचा रस्ता बंद झाला आणि तुला आईच्या मातीला येता आलं नाही, याचं इथं सगळ्यांनाच फार वाईट वाटलं. त्या दिवशी फोन लागला तोही मिनिटभर. तू एकच गोष्ट विचारलीस, आईला शेवटचं कम्युनियन मिळालं का. मी एका शब्दात उत्तर दिलं आणि लाइन कटली. मग परवा तुझा मेसेज आला, की महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, तू नक्की येतोयस, प्रवचन तूच करणार आहेस, आणि आईनं त्या सकाळी ख्रिस्तशरीर कसं घेतलं, काय बोलली, चेहरा कसा होता हे मी सविस्तर लिहून पाठवावं. प्रवचनात तू तेच सांगणार आहेस म्हणे. तो मेसेज वाचल्यापासून मी कागदावर कागद चुरगळतोय. तू मागितलंस म्हणून सविस्तर लिहितो. पण आधी माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल, नाहीतर तुला वाटेल सुज्याचं डोकं फिरलं होतं.

दहावीनंतर आपण दोघंही फादर व्हायला सेमिनरीत जाणार होतो, आठवतं? बोर्डिंगातल्या आपल्या दोन्ही ट्रंकांवर तुझ्या आईनं एकाच ब्रशनं नावं रंगवून घेतली होती. मग माझा बाप गेला, घरात तीन लहान भावंडं, आणि माझी ट्रंक आयटीआयला गेली. हे मी तुला कधी बोललो नाही, पण तीस वर्षं मला वाटत आलंय की खरं जे होतं ते तुला मिळालं आणि माझ्या वाट्याला उरलंसुरलं आलं. पवित्र जीवन म्हटलं की तुझा पांढरा झगा डोळ्यांपुढे यायचा. माझ्याकडे शिफ्टची बस, स्टीलचा डबा, पोराचे क्लास आणि चाकणच्या कंपनीतलं क्वालिटीचं टेबल, जिथं दिवसभर पार्ट मोजायचे आणि पास की नापास ते ठरवायचं. आमच्या चर्चचे फादर प्रवचनात सांगायचे की रोजच्या साध्या कामातही देव भेटतो. मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, फादर, एकदा महिनाअखेरीला आमच्या डिस्पॅचला येऊन बघा.

तुझ्या आईला असले प्रश्न पडत नसत. बावीस वर्षं तिनं भोसरीतल्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटल्या, तू फादर झाल्यावरही लाटल्या. जपमाळेला बसली की दुसऱ्या रहस्याला हमखास डुलकी लागायची, मंगळवारची येशूच्या दुःखाची रहस्यं गुरुवारी म्हणायची, आणि मी शहाणा, तिला हळूच दुरुस्त करायचो. लसूण सोलता सोलता मात्र ती कामगारांची एकेकाची नावं घ्यायची, कुणाची बायको बाळंतपणाला गेलीय, कुणाचं बोट प्रेसमध्ये चेपलंय. मी एकदा विचारलं, मावशी, ही चौकशी आहे की प्रार्थना? तिला प्रश्नच कळला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अजून एक गड्डा सोलायला माझ्या हातात दिला.

दोन वर्षांपूर्वी फादरांनी मला आजाऱ्यांना कम्युनियन पोचवण्याची सेवा दिली, तेव्हा मी आठवडाभर जमिनीवर नव्हतो. दर रविवारी आठच्या मिस्सेनंतर फादर माझ्या हातात ख्रिस्तशरीराची, म्हणजे वेदीवरच्या पवित्र भाकरीची, ती छोटी सोनेरी डबी ठेवत, मी ती शर्टाच्या आतल्या खिशात छातीशी ठेवी आणि गाडीवरून निघे. त्यासाठी मी एक पांढरा शर्ट वेगळा काढला होता, तो बाकीच्या कपड्यांत धुवायला द्यायचो नाही. विजयश्री म्हणायची, या शर्टाचं आता रेशनकार्डही वेगळं काढून आणा. आम्हाला शिकवलं होतं की डबी खिशात असताना रेंगाळायचं नाही, बाजारहाट करायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, थेट आजाऱ्याच्या घरी जायचं. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय हवं? सव्वीस वर्षं कंपनीत मी लिहिलेल्या पद्धतीपासून केसभर हललो नाही. या सेवेचीही मी तशीच पद्धत करून टाकली. फोन बंद करायचो. वाटेत कुणी हात केला तर मान वळवायचो नाही. खरं सांगतो गस्त्या, त्या अर्ध्या तासात मी सुजित नसायचो. मी जवळजवळ तू असायचो.

मावशी माझ्या फेरीतली शेवटची आजारी. ईस्टरआधीच्या उपवासात खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून आठ महिने ती त्या भोसरीच्या खोलीत पडून होती. मी आमच्याकडे चल म्हणालो, विजयश्रीनं तर पलंगही रिकामा केला होता, पण तिला तिची चाळ सोडायची नव्हती. तिचं सगळं शेजारची अपेक्षा बघायची. तू तिला भेटलेला नाहीस. बीडची आहे, नवरा-बायको दोघंही वर्कशॉपमध्ये. ती आपल्यातली नाही, पण मावशीनं शिकवल्याप्रमाणे रविवारी सकाळी स्टुलावर पांढरं फडकं घालायची, पाण्याचा पेला ठेवायची आणि मी आलो की पेटलेली मेणबत्ती हातात धरून, एक शब्द न बोलता, दारात उभी राहायची. मी आत शिरायचो तेव्हा अंगावर काटा यायचा. मावशी चेष्टा करायची, आला माझा अर्धा फादर.

आता त्या रविवारचं. मिस्सा संपली, डबी खिशात ठेवली, पहिल्या दोन घरी कम्युनियन दिलं. डबीत एकच ख्रिस्तशरीर उरलं, ते मावशीचं. सव्वानऊ झाले असतील. गवळीमाथ्याच्या पुढे एमआयडीसीतला रस्ता रविवारी कसा सुनसान असतो, तुला माहीत आहे. डाव्या कडेला एक सायकल आडवी पडलेली दिसली आणि गटाराच्या काठाला एक माणूस. पहिला विचार आला, प्यालेला असेल. तो विचार मी चटकन धरला, कारण तो सोयीचा होता. पण मी गाडी हळू केली होती आणि मला त्याच्या कानामागून रक्त आलेलं दिसलं. वॉचमनचा निळा शर्ट दिसला. त्यानं हात थोडा वर केला, तोही दिसला. मी माझा हात खिशावर ठेवला, मनात म्हटलं, प्रभू, तू माझ्याजवळ आहेस, मला थांबता येत नाही, आणि पुढे गेलो. तुला वाटत असेल मी घाबरलो होतो. मी घाबरलो नव्हतो. मला वाटत होतं की मी परीक्षेत पास झालो.

दारात अपेक्षा मेणबत्ती घेऊन उभी होती. मी आत गेलो, डबी फडक्यावर ठेवली, गुडघा टेकला. मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, काय झालं. खरं म्हणजे मी तेव्हा बोलायला नको होतं, पद्धतीप्रमाणे आधी प्रार्थना. पण मला सांगायचं होतं. तिनं शाबास म्हणावं असं वाटत होतं. म्हणून मी सांगितलं, रस्त्यात एक माणूस पडला होता, पण डबी जवळ होती म्हणून मी थांबलो नाही. तिनं विचारलं, जिवंत होता का? मी म्हटलं, हात हलवला त्यानं. तिच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला लिहिता येत नाही. राग असता तर मी सोसला असता. ती हबकली होती. लहानपणापासून जिला ओळखतो ती बाई माझ्याकडे असं बघत होती की हा कोण घरात शिरलाय.

ती म्हणाली, "आरं, मग तू माझ्याकडं कुणाला घेऊन आलास? तो तर तिकडं रस्त्यात पडलाय."

मी तिला समजावायला लागलो, गस्त्या. तुझ्या आईला मी नियम समजावत होतो. तिनं तोंडावर तळहात ठेवला, औषध नको म्हणणारी पोरं ठेवतात तसा. मी पुढे झालो तर तिनं मान भिंतीकडे वळवली, आणि त्या खुब्याच्या दुखण्यात तिला मान वळवणंही सोपं नव्हतं. मग तिनं अपेक्षाला सांगितलं, मेणबत्ती विझव. अपेक्षानं माझ्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि फुंकर मारली. त्या खोलीत मला कधी एवढी लाज वाटली नव्हती आणि कधी एवढा राग आला नव्हता. मावशी एवढंच म्हणाली की आधी त्याला उचल, मग ये, मी कुठं पळून चाललेय. मी डबी उचलून खिशात टाकली आणि पाय आपटत बाहेर पडलो. हो, पाय आपटत. अडाणी बाई, हिला काय कळतं देवाचं, असं पुटपुटतच मी गाडीला किक मारली. हे तू वाचतोयस याचीही मला लाज वाटते, पण सविस्तर म्हणालास ना.

तो तिथंच होता. मधल्या वेळात बाजूनं किती गाड्या गेल्या असतील देव जाणे, सगळे माझ्यासारखेच. मी गाडी आडवी घालून एक शेअर रिक्षा थांबवली. रिक्षावाला आधी कुरकुरला, मग त्यानंच त्याचे पाय उचलले. मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर, आणि रिक्षा खड्ड्यात आदळली की त्याचा कान माझ्या छातीला लागायचा, बरोब्बर खिशाच्या जागी. शर्ट सगळा भरला. मी एका हातानं त्याचं डोकं धरलं होतं आणि एका हातानं खिसा, आणि मधेच कधीतरी मी खिशावरचा हात काढला, कारण त्याला धरायला दोन्ही हात लागत होते. तेव्हा मी काहीही विचार केला नव्हता. आता रोज करतो.

दवाखान्यात त्याला आत नेलं. नाव-गाव कुणाला माहीत नव्हतं, मला बाहेर थांबायला सांगितलं. थांबलो. त्याच्या खिशातल्या ओळखपत्रावर नाव निघालं, मालोजी, परभणीकडचे, रात्रपाळी संपवून सायकलवरून खोलीवर जात होते. कुठल्यातरी टेम्पोनं घासून पाडलं होतं. त्यांच्या कंपनीला कळवावं म्हणून मी फोन चालू केला. अपेक्षाचे नऊ मिस्ड कॉल होते. शेवटचा दहा वाजून वीस मिनिटांनी.

मी मावशीच्या खोलीवर पोचलो तेव्हा शेजारणी जमल्या होत्या. अपेक्षा नंतर मला म्हणाली की मी गेल्यावर मावशी शांत होती. तिनं स्टुलावरचं फडकं तसंच राहू दे म्हणून सांगितलं. मी परत आल्यावर मला चहा लागेल, सकाळपासून उपाशी असणार, असं म्हणून तिनं अपेक्षाला दूध बघायला पाठवलं. त्या रस्त्यावरच्या माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं, म्हणून ती 'तो गटाराजवळचा' म्हणून त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. अपेक्षा दूध घेऊन आली तेव्हा मावशीचे डोळे दाराकडे होते आणि श्वास थांबला होता. रुग्णाभ्यंग, आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, तिला दिवाळीच्या आधीच मिळालं होतं, एवढा एक आधार मी धरून आहे. मी रक्तानं भरलेल्या शर्टात तिच्या पायाशी उभा राहिलो. डबी माझ्या खिशात होती आणि तिच्या आत मावशीचं ख्रिस्तशरीर होतं.

डबी घेऊन मी चर्चमध्ये गेलो आणि ते ख्रिस्तशरीर वेदीमागच्या टॅबरनॅकलच्या कपाटात परत ठेवलं. तेवढ्यात फादर आले, त्यांना बातमी कळली होती. त्यांनी माझा शर्ट बघितला, मी अपघाताचं सांगितलं. त्यांनी विचारलं, पण त्याआधी राहेलबाईंना कम्युनियन दिलंस ना? मी होकारार्थी मान हलवली. बस, एवढंच केलं. मातीच्या वेळी फादरांनी सांगितलं की आपल्या भगिनी त्या सकाळीच प्रभूला स्वीकारून गेल्या, केवढं धन्य मरण. बायकांनी डोळे पुसले. नंतर दोन-चार जणांनी माझा हात हातात घेतला, जणू काही तो हात विशेष आहे. अपेक्षाला यातलं काही कळत नसल्यामुळे ती गप्प राहिली. मला सगळं कळत होतं, आणि मीही गप्प राहिलो.

गुरुवारी मालोजींना भेटायला गेलो. डोक्याला टाके, पाय प्लास्टरमध्ये, पण माणूस शुद्धीवर होता. त्यांची बायको परभणीहून आली होती, ती माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरकून पलंगावर आदळलो. मालोजी माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, तुमी पयलं गेलात तवाबी मला दिसले होते. पांढरा शर्ट. मी म्हनलं, घरी कुनी आजारी असंल, म्हून थांबले नसतील." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी गटाराच्या काठावर पडल्या पडल्या माझ्यासाठी कारण शोधून ठेवलं होतं, आणि मी त्यांच्यासाठी काय शोधलं होतं, तर दारू. मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. विजयश्रीला त्या दिवशी सगळं सांगितलं. तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि मी एक घास खाईपर्यंत समोरून उठली नाही.

काल फादरांकडे जाऊन सगळं कबूल केलं आणि डबी त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, हे माझं काम नाही. त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, आधी तिच्या मुलाला लिही, मग बघू. म्हणून हे पत्र आहे, गस्त्या. तू विचारलंस की आईला शेवटचं कम्युनियन मिळालं का, आणि मी म्हणालो, हो. ते खोटं होतं. राहेलमावशी कम्युनियन न घेता गेली. तिला ते हवं होतं, आठवडाभर ती त्याचीच वाट बघायची, आणि माझ्यामुळे तिनं ते परत पाठवलं. प्रवचनात तिनं घेतलं असं सांगू नकोस. जे झालं ते सांगणार असशील तर मोघम 'कुणी एक जण' म्हणू नकोस, माझं नाव घेऊन सांग. मालोजींना मिस्सेला घेऊन यायचं मी कबूल केलंय, ते 'गटाराजवळचा' म्हणून प्रार्थना करणाऱ्या बाईचा फोटो बघायला येणार आहेत. मी पहिल्या बाकावर त्यांच्या शेजारी बसलेला असेन. तू माझ्याकडे बघून बोल, मी मान खाली घालणार नाही.

तुझाच,
सुजित